भाड्याचं घर राखताना

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून खाली येते, साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना आणि सांगलीशेजारी हरिपूरला वारणा. महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास आणि सांगलीत त्याहूनही बराच कमी. तरी घरात शिरणाऱ्या पाण्याचा त्रास दोन्ही शहरांना आहे. साताऱ्यात ते पश्चिमेच्या भिंतीतून ओल होऊन येतं. सांगलीत वरून फारसं न पडताही नदीच्या वाटेनं थेट उंबऱ्यापर्यंत येतं. घराची निगा म्हणजे काय, हे या दोन शहरांत म्हणूनच नीट शिकता येतं.

दोन्हीकडे भाड्यानं राहणारी माणसं खूप. साताऱ्यात जिल्हा कचेऱ्यांत बदलीवर आलेले कर्मचारी, औद्योगिक वसाहतीतले कामगार आणि रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांत शिकणारी व शिकवणारी मंडळी. सांगलीकडे विश्रामबागेत वालचंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, मिरजेत रुग्णालयांतले डॉक्टर आणि परिचारिका, कुपवाडला कारखान्यांतले तंत्रज्ञ. यांतल्या बहुतेकांचा करार अकरा महिन्यांचा. त्यामुळे ‘घर मालकाचं, आपण कशाला हात लावा’ ही भावना सहज रुजते. पण ओलसर भिंतीशेजारी झोपणारं मूल आपलं असतं, शॉक देणाऱ्या गिझरखाली अंघोळ आपण करतो आणि शेवटी अनामत रकमेतून कापले जाणारे पैसेही आपलेच असतात. घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहणाऱ्याचा जीव आणि आरोग्य त्या घराच्या निगेवर अवलंबून असतं.

यासाठी कारागीर व्हावं लागत नाही. चार गोष्टी क्रमानं कराव्या लागतात: बिघाड लवकर पाहायचा, पाणी किंवा वीज बंद करायची, मालकाला लेखी कळवायचं आणि मग, आपल्या हातातलं काम असेल तर, दुरुस्त करायचं. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. बिघाड महिनोन्महिने अंगवळणी पडतो आणि छताचा पोपडा ताटात पडला की धावपळ सुरू होते.

किल्ली हातात आल्यावर

सामान लावण्याआधी रिकाम्या घरात एक तास द्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, खिडक्या, संडास-बाथरूम आणि सिंकखालची जागा मोबाइलवर टिपा. जुने डाग, तडकलेली टाइल, सैल बिजागरी, चालत नसलेलं बटण हे सगळं फोटोत आलं पाहिजे. हे फोटो त्याच दिवशी घरमालकांना पाठवा आणि पंखे, दिवे, गिझर, नळ यांची यादी कराराला जोडून घ्या. घर सोडताना होणारे निम्मे वाद या एका तासामुळे टळतात.

मग नळ सोडून पाहा. सगळे नळ एकदम उघडले तर पाण्याचा जोर किती राहतो, मोरीतून पाणी किती वेळात ओसरतं, फ्लश केल्यावर टाकी भरून आवाज थांबतो का, हे बघा. प्रत्येक खिडकी आणि दाराची कडी लावून पाहा.

सगळ्यात महत्त्वाच्या जागा तीन. घराचं पाणी एका फटक्यात बंद करणारा व्हॉल्व्ह, वीज बंद करणारा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर. फ्लॅटमध्ये पाण्याचा व्हॉल्व्ह अनेकदा बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात, डक्टमध्ये किंवा थेट गच्चीवरच्या टाकीपाशी असतो. तो शोधा आणि फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो आणि हे नेमकं पाईप फुटल्यावर कळतं. घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनासुद्धा, या तीन जागा माहीत असायला हव्यात.

कोणतं काम कुणाचं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूशी वेगळं ठरलेलं नसेल तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

हे कलम कायद्याच्या अर्थानं जो भाडेकरू आहे त्याच्यासाठी आहे. आज बहुतेक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्स करारावर दिले जातात आणि तिथे मुख्यतः करारात जे लिहिलंय तेच चालतं. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य करारात घालून घ्या: ‘इमारतीची, भिंती-छताची गळती, भिंतीआड असलेलं वायरिंग व पाईप आणि मालकानं दिलेल्या उपकरणांची मोठी दुरुस्ती मालकाकडे राहील, रोजच्या वापरातली किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे राहील.’ किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत, तो आकडाही लिहा. आकडा लिहिलेला असला की दोन्ही बाजूंचा संकोच संपतो.

याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, मग तो भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. ‘आपण घरचेच, कागद कशाला’ असं कुणी प्रेमानं म्हटलं तरी कागद करा. चांगले संबंध टिकवायला कागद मदतच करतो.

तिसरा पक्ष म्हणजे सोसायटी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, टाक्या, जिना यांची देखभाल संस्थेनं करायची असते. पावसाच्या पाण्यानं किंवा सामाईक पाईपमधून होणारी गळतीही संस्थेकडेच. संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे फ्लॅटच्या आत होणारी गळती त्या त्या सदस्याची. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून तुमच्या छतावर पाणी उतरत असेल, तर तो विषय वरच्या फ्लॅटच्या मालकाचा आहे आणि तो तुमच्या मालकानं मांडायचा आहे. तुमचं काम म्हणजे वेळेवर आणि लेखी कळवणं.

कळवताना तक्रारीचा सूर नको, माहिती हवी. असा निरोप पुरतो: ‘काका, नमस्कार. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला कालपासून ओल दिसतेय, फोटो पाठवले आहेत. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी येतंय असं वाटतं. त्याच भिंतीत प्लग आहे, म्हणून तिथली वीज बंद ठेवली आहे. या आठवड्यात कुणाला पाठवू शकाल का?’ काय झालं, कुठे झालं, कधीपासून, तुम्ही काय केलं आणि काय हवं, हे पाचही मुद्दे त्यात आले. फोनवर बोलणं झालं तरी नंतर असा निरोप टाकाच, कारण तारखेची नोंद राहते.

ठिबकणारा नळ, वाहणारा फ्लश

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे चार लिटर पाणी घालवतो, महिन्याला एकशे तीस लिटरच्या आसपास. शहरात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी असावं, असं आपल्याकडे योजना आखताना धरतात. म्हणजे एका नळाच्या थेंबांतून महिन्याला एका माणसाचं पूर्ण दिवसाचं पाणी जातं. सातारा शहराला पाणी देणारा कासचा तलाव पठाराच्या कुशीत पावसाच्या पाण्यावर भरतो. तिथून उतारानं शहरात आलेलं पाणी मोरीत असं सोडून द्यायला मन धजायला नको.

जुन्या, बरेच वेढे फिरणाऱ्या नळाचा दोष बहुधा रबरी वॉशरमध्ये असतो. बेसिनखालचा अँगल कॉक किंवा मेन व्हॉल्व्ह बंद करा. नळ उघडून आतलं पाणी काढून टाका. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, म्हणजे छोटा स्क्रू आत जाणार नाही. वरची मूठ डिसमिसनं आणि खालचा नट पान्यानं सोडवून स्पिंडल बाहेर काढा. त्याच्या टोकाचा झिजलेला वॉशर काढून तोच नमुना हार्डवेअरच्या दुकानात दाखवा आणि त्याच मापाचा बसवा. नव्या धर्तीच्या, अर्ध्या किंवा पाव वेढ्यात उघडणाऱ्या नळात वॉशरऐवजी सिरॅमिकचा कार्ट्रिज असतो. तोही असाच नमुना दाखवून बदलता येतो. जोडातून पाणी झिरपत असेल तर जुनी टेप पूर्ण खरवडून, आट्यांच्या दिशेनं आठ-दहा वेढे टेफ्लॉन टेप गुंडाळा. उलट्या दिशेनं गुंडाळलेली टेप नळ फिरवताना सुटून येते.

फ्लशच्या टाकीतली गळती डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी मात्र नळापेक्षा कितीतरी जास्त जातं. टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं, तर टाकीच्या तळाचं रबर पाणी धरत नाही. ते काढून क्षार घासा, तरीही गळलं तर बदला. टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून सतत आत पडत असेल, तर फ्लोट खाली करा. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापासून इंचभर खाली राहायला हवी.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत, आणि सांगली-मिरज पट्ट्यात अशा बऱ्याच आहेत, क्षारांचा त्रास वेगळाच. नळाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी आणि शॉवरची भोकं पांढऱ्या थरानं बुजतात आणि पाण्याचा जोर कमी झाल्यासारखा वाटतो. जाळी फिरवून काढा, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. गिझरच्या कॉइलवरही हाच थर बसतो, त्यामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढतं. क्षारयुक्त पाणी असेल तर वर्षातून एकदा माहितगाराकडून गिझर आतून साफ करून घ्यावा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तो कधीही बुजवू नका. आतला दाब बाहेर सोडायची तीच वाट आहे.

मोरी तुंबली की आधी जाळी उचलून केस आणि साबणाचा गाळ हातानं काढा, मग रबरी पंपानं दाब द्या. कॉस्टिक सोडा आणि ॲसिड यांची सवय लावून घेऊ नका. ॲसिडनं टाइलमधल्या जोडातलं सिमेंट खाल्लं जातं, तिथून पाणी खाली उतरतं आणि खालच्या मजल्यावरच्या छतावर डाग उमटतो. ब्लीच आणि ॲसिड तर चुकूनही एकत्र करायचं नाही. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद बाथरूममध्ये जिवावर बेततो.

मोरीखालच्या ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं. गटाराचा वास आणि झुरळं तेच पाणी अडवतं. गावच्या यात्रेला किंवा दिवाळीला घर बरेच दिवस बंद राहिलं की ते आटतं आणि परतल्यावर घरभर वास येतो. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल.

ओल कुठून आली ते आधी ओळखा

ओल दिसली की रंगारी बोलावणं ही सर्वांत महाग चूक. पाण्याची वाट न बंद करता दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडे होऊन खाली येतो. आधी डागाचं वेळापत्रक पाहा.

पाऊस सुरू झाला की डाग वाढतो आणि थांबला की हळूहळू सुकतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येतंय. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी पाऊस झोडपतो त्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर हे जास्त दिसतं. पाऊस असो नसो, डाग बारा महिने सारखाच असेल आणि वर किंवा पलीकडे बाथरूम असेल, तर पाईप किंवा टाइलचे जोड गळतायत. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल चढली असेल आणि पांढरा लोणा उमटला असेल, तर ती ओल जमिनीतून वर येतेय. थंडीत कपाटामागे आणि कोपऱ्यांत काळी बुरशी आली, तर बहुधा घरातलीच वाफ गार भिंतीवर बसलेली असते.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा करा. भिंतीवर हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले, तर हवेतली वाफ कारण आहे. भिंतीकडच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. पहिल्या प्रकारात उपाय तुमच्या हातात आहे: स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा, बंद खोलीत कपडे वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दुसऱ्या प्रकारात फोटो, तारीख आणि प्लॅस्टिकच्या परीक्षेचा निकाल मालकांना कळवा. कारण आधीच सांगितलं की कारागीर योग्य जागी हात घालतो.

सरकत्या खिडक्यांचं एक काम भाडेकरूनं मेच्या अखेरीला करायलाच हवं. खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. धूळ आणि मेलेल्या किड्यांनी ती बुजली की पावसाचं पाणी पट्टीत साचून आत उलटतं आणि आपण भिंतीला दोष देतो. जुना टूथब्रश आणि खराट्याची काडी घेतली की एका खिडकीला दहा मिनिटं पुरतात. त्याच आठवड्यात गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या जाळ्या साफ झाल्या का, हे सोसायटीला विचारा.

वीज: काय करायचं आणि काय नाही

घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि चूक माफ करत नाही. भाड्यानं राहणाऱ्यानं दिवे बदलावेत, पंख्याची पाती मेन बंद करून पुसावीत आणि बिघाड ओळखावा. त्यापलीकडचं काम वायरमनचं.

मेन बोर्डवर एमसीबी असतात. जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की ते खाली पडतात. एकदा पडलं तर उपकरणं काढून पुन्हा वर करा. पुन्हा पडलं तर तसंच राहू द्या आणि वायरमन बोलवा. ते दाबून धरणं किंवा जास्त क्षमतेचं बसवणं म्हणजे भिंतीतल्या वायरी जाळायला परवानगी देणं.

एमसीबी वायरी वाचवतं, माणसाला वाचवतं ते आरसीसीबी. वायरीतून तीस मिलिअँपिअर विजेची जरी गळती झाली, तरी ते क्षणात पुरवठा तोडतं. त्यावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, वीज गेली पाहिजे. न गेल्यास ते निकामी आहे. जुन्या इमारतींत हे यंत्रच नसतं आणि काही ठिकाणी अजून किटकॅट फ्यूज दिसतात. घर घेतानाच आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग यांची मागणी करा. भाडं कमी करून घेण्यापेक्षा ही मागणी मोलाची आहे.

दोन हजार वॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. सहा अँपिअरच्या छोट्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शनवर गिझर, इस्त्री, हीटर लावले की प्लग तापतो, तपकिरी पडतो आणि जळका वास येतो. असा प्लग दिसला तर त्याच क्षणी वापर बंद. पावसाळ्यात ओल्या भिंतीतल्या बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्या भागाची वीज बंद करा आणि मालकांना त्याच दिवशी कळवा. हे काम उद्यावर ढकलायचं नसतं. मीटरपर्यंतचा बिघाड महावितरणचा, त्यासाठी १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मीटरपासून आत सगळं घरमालकाचं.

भिंतीत खिळा किंवा ड्रिल मारण्याआधी मालकांना विचारा, आणि बटणांच्या बोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत मारू नका. भिंतीआडच्या वायरी बहुधा याच रेषांत असतात.

गॅस आणि बंद बाथरूम

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर पडा आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. सिलिंडरची नारिंगी नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. भाड्याच्या घरात ती आधीच्या माणसाकडून वारशानं येते आणि तिचं वय कुणालाच ठाऊक नसतं. घर घेतल्यावर नळीवर छापलेलं वर्ष वाचा. वाचता येत नसेल तर नवी घ्या.

गॅस गिझरबद्दल या प्रकरणात सर्वांत गंभीरपणे सांगायचं आहे. बंद बाथरूममध्ये तो जळताना हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला गरगरतं, पाय लुळे पडतात आणि कडी उघडायचीही ताकद उरत नाही. महाराष्ट्रात असे मृत्यू वारंवार होतात. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून मिळेपर्यंत वापरू नका. चुलीवर पाणी तापवून अंघोळ केलेली बरी.

भेगा: कोणत्या बघायच्या

प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक निरुपद्रवी असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, रुंद होत जाणारी भेग वेगळी. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलून अशा भेगा पडू शकतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ ओढून तारीख लिहा आणि महिन्यानं पाहा. रेघेपुढे गेली असेल तर कळवा. खांब किंवा तुळईत भेग असेल, त्यातून गंजाचा तांबूस डाग उतरत असेल किंवा सळई दिसत असेल, तर महिनाभर वाट न पाहता मालक आणि सोसायटी दोघांनाही लेखी कळवा. ती तपासणी इमारतीच्या अभियंत्याचीच.

सातारा जिल्ह्यात भेगांकडे लक्ष ठेवायला आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या परिसरात लहान धक्के आजही बसतात. म्हणून उंच कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्टीनं जखडा आणि पलंगाच्या डोक्यावर जड वस्तू टांगू नका. पट्टीसाठी दोन भोकं पाडायला सहसा कुणी मालक नाही म्हणत नाही.

सांगलीचा तळमजला

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. २००५ आणि २०२१ च्या पुरांतही शहराच्या सखल भागांतली घरं पाण्यात होती. सांगलीत घर पाहताना म्हणूनच शेजाऱ्यांना एक प्रश्न विचारायचाच: २०१९ ला इथे पाणी कुठवर होतं? उत्तर कमरेएवढं असेल तर वरच्या मजल्याचं थोडं जास्त भाडं स्वस्तच समजा.

तळमजल्यावर राहणं भाग असेल तर पावसाळ्यात कागदपत्रं एका जलरोधक पिशवीत आणि उंचावर ठेवा. पातळी ४० फुटांकडे सरकली की फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या हलवण्याची तयारी करा. बाहेर पडताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद करा.

पूर ओसरल्यावर घाईनं दिवे लावू नका. पाण्यात गेलेले बोर्ड आणि प्लग वायरमननं उघडून, सुकवून, तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. गाळ ओला असतानाच फावड्यानं आणि पाण्यानं काढा, वाळला की दगडासारखा होतो. धुण्याआधी प्रत्येक भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत टिपा, पंचनाम्याला आणि मालकांशी बोलताना उपयोगी पडते. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं फरशी आणि भिंतींचा खालचा भाग धुवा. जमिनीतली टाकी पूर्ण उपसून, घासून, निर्जंतुक केल्याशिवाय तिचं पाणी तोंडी लावू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवून भिंती आठवडेच्या आठवडे वाळू द्या. रंग सर्वांत शेवटी.

पेटी आणि वेळापत्रक

एवढ्या कामांना लागणारी हत्यारं एका पेटीत मावतात: सपाट आणि फुली तोंडाचे डिसमिस, पक्कड, सरकता पाना, हातोडी, टेस्टर, टेफ्लॉन टेप, दोन-चार वॉशर, इन्सुलेशन टेप, रबरी पंप आणि चांगली बॅटरी. पेटीच्या झाकणावर आतून वायरमन, प्लंबर, घरमालक आणि सोसायटीच्या सचिवांचे नंबर चिकटवा.

वर्षाचं वेळापत्रकही साधं आहे. महिन्याला आरसीसीबीचं बटण आणि मोरीची जाळी. मेअखेरीस खिडक्यांची भोकं आणि बाहेरच्या भिंतींवर एक नजर. गणपतीनंतर घरातली ओल आणि बुरशी. थंडी सुरू होण्याआधी गिझर आणि गॅसची नळी. करार संपण्याच्या महिनाभर आधी पहिल्या दिवसाचे फोटो काढून घराशी ताडून पाहा आणि किरकोळ दुरुस्त्या स्वतः करून टाका. अनामत पूर्ण परत मिळण्याचा तोच राजमार्ग आहे.

घर भाड्याचं असलं तरी त्यात जगलेली वर्षं भाड्याची नसतात. आज संध्याकाळी एवढंच करा: पाण्याचा मेन व्हॉल्व्ह, विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर या तिन्ही जागा घरातल्या प्रत्येकाला दाखवा आणि ज्याच्या त्याच्या हातून एकदा बंद करून घ्या.